मोडीत गेलेलं गेज

रत्नागिरीला रेल्वे आली त्याच्या कितीतरी आधी ती आमच्या माजघरात आली होती, आणि तिथल्या तिथे रुळावरून घसरत होती. गावात तेव्हा नुसती मोजणी चालली होती. टोप्या घातलेली माणसं तीन पायांवर दुर्बीण ठेवून कातळावर उभी राहायची, चुना फासलेले दगड पुरायची आणि निघून जायची. मग गुरं त्या दगडांना अंग घासायची. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या मोजणीवाल्यांविषयी फारसा आदर नव्हता. "त्यांची गाडी यायची तेव्हा येवंदे," ते म्हणायचे, "माझी या चतुर्थीला गणपतीभोवती फिरणार." हे ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, कारण त्यांच्याकडे दुसरा आवाज राहिलेला नव्हता.

अण्णा मालवाहू बोटीवर फिटर होते. फिटर म्हणजे इंजिनखोलीत, जिथे दिवस आणि रात्र सारखीच गरम असते आणि बोलणं सगळं हातवाऱ्यांनी चालतं. अर्धं आयुष्य त्या घरघरीत काढल्यावर एका तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी काहीतरी वाजवलं. अण्णा म्हणाले, "हं, वाजवा आता." तिथे नोकरी संपली. घरी आले ते एक ट्रंक आणि एक लाकडी पेटी घेऊन. ट्रंकेत कपडे, साबणाच्या वड्या आणि आईसाठी एक छत्री होती, जी उघडली की मिटत नसे. पेटीत रेल्वे होती. हिरवं इंजिन, तीन डबे, विजेचा एक ठोकळा आणि रुळांच्या पट्ट्या, काड्यापेटीतल्या काडीहून बारीक. निरनिराळ्या बंदरांतून त्यांनी ती थोडी थोडी जमवली होती. "मला बोटीनं मोडीत काढलं," विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत. यंदा आंबा धरला नाही हे सांगावं तसं सांगत.

घरातले आवाज त्या वर्षी बदलले. आधी आई स्वयंपाकघरातून बोलायची आणि आम्ही जिथे असू तिथून ओ द्यायचो. आता तिला हातातलं काम टाकून अण्णांच्या समोर जाऊन उभं राहावं लागे आणि "जेवायला चला" हे आग लागल्याची बातमी देतात तसं सांगावं लागे. शेजारच्या, दगडी गडग्यापलीकडच्या काकूंना आमच्या घरी रोज काय शिजलं ते पाठ होतं. उलट अण्णांच्या समोर बसून साध्या आवाजात त्यांच्याविषयी काहीही बोलता यायचं, आणि मी आणि आई बोलायचो. सकाळी उकड्या तांदळाची पेज, खारातला आंबा आणि भाजलेला पापड घेऊन आम्ही तिघं बसलेलो असायचो, आणि त्यांच्या ताटलीवरून आमचं बोलणं इकडून तिकडे चालायचं. तेव्हा मला ती सोय वाटायची. आज लाज वाटते.

पहिल्या वर्षी अण्णांनी रूळ एका जुन्या फळीवर बसवले होते. आषाढात फळी फुगली आणि गाडी समुद्रावरच्या बोटीसारखी हलायला लागली. तेव्हा त्यांनी सगळे रूळ उखडले, फणसाची चांगली मुरलेली फळी आणली, पोफळीच्या बारीक चिपा तासून रुळांखालचे आडवे स्लीपर केले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. या कामासाठी त्यांच्याकडे एक हत्यार होतं. त्याला ते गेज म्हणत. पितळेची एक चपटी पट्टी, अंगठ्याएवढी रुंद आणि तर्जनीएवढी लांब. तिच्या एका कडेला दोन खाचा होत्या. त्या खाचांत दोन्ही रूळ अडकवले की मधलं अंतर बरोबर राहायचं, मग खिळे ठोकायचे. दुसऱ्या कडेला चाकं तपासायच्या खाचा. हे सगळं फूटपट्टीनं का होत नाही, असं मी एकदा ओरडून विचारलं होतं. फूटपट्टी धरायला तिसरा हात लागतो, असं ते म्हणाले. पावसाळ्यात पट्टीला हिरवट चढू नये म्हणून ते ती चुलीजवळच्या कोनाड्यात एका डब्यात ठेवत. त्या डब्यात आईच्याही काही वस्तू असत: तुटकी कडी, दिव्याची जुनी वात सरकवायची काडी, अशा.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ही फळी माजघरभर होती. बाहेर कपडे वाळत नव्हते आणि आत दोरी बांधायला जागा नव्हती. आईनं पंधरा दिवस सोसलं. सोळाव्या दिवशी ओल्या लुगड्यांचा पिळा हातात घेऊन ती म्हणाली, "एक दिवस तुमचं हे सगळं मी मोडीत घालीन." अण्णांनी वर बघितलं. "काय?" म्हणाले. आता, चिडून पुटपुटलेलं वाक्य एकदाच बोलायचं असतं. दुसऱ्यांदा, मोठ्यानं, शब्द तोडून बोललं की ते फार जड होतं. आई ते तसं बोलली. गडग्यापलीकडेही ते पोचलं असणार. अण्णांनी इंजिन उचललं आणि फडक्यानं पुसत बसले. आई आत आली आणि मला म्हणाली, "मी गाडीला म्हटलं गो. त्यांना नाय म्हटलं." मी म्हटलं, मला कळलं. पण माझ्या कळण्याचा काही उपयोग नव्हता.

यानंतर महिनाभरानं आमच्या मोदकपात्राचा तळ गेला. मोडीचा रिवाज आता राहिला नाही, म्हणून सांगते. तांब्या-पितळेची फुटकी भांडी फेकत नसत. ती भांडीवाल्याकडे न्यायची, तो वजन करायचा आणि त्या बदल्यात नवं भांडं द्यायचा. त्या जुन्याला मोड म्हणत. आईनं बिनबुडाचं मोदकपात्र, समईचं तुटकं तोंड आणि एक फुटका तांब्या काढला. भांडीवाल्यांच्या तराजूत वजन जरा कमी पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरातले उरलेसुरले पितळेचे तुकडे गोळा केले आणि नेहमीप्रमाणे घासायला बसली. आई कुठलीही मळकी वस्तू घराबाहेर देत नसे. वितळवायला जाणारी कडीसुद्धा ती आमसुलानं घासून, राख लावून, धुऊन, पुसून, लख्ख करून द्यायची. लोक काय म्हणतील हे ती मोडीच्या बाबतीतही मनावर घ्यायची. पिशवी मी उचलून नेली. येताना नवं मोदकपात्र डोक्यावर पालथं घालून आले, कारण रिमझिम होती.

दोन दिवसांनी अण्णांनी कोनाड्यातला डबा उघडला. मग दुसरे डबे उघडले. मग भाताची कणगी हलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं होऊ नये म्हणून ते स्वतःचे खिसे पुन्हा पुन्हा उलटे करत. शेवटी त्यांनी ठरवलं की हे घुशीचं काम आहे, चकचकीत वस्तू घूस ओढून नेते, आणि परसात पिंजरा लावला. घूस सापडलीही. चांगली मोठी होती. तिच्या बिळात अण्णांना माझी एक रिबीन आणि साबणाची वडी मिळाली, त्यामुळे त्यांचा संशय उलट पक्का झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेज वाढताना आई थांबली. पळी हातातच होती. "कुंदा," ती साध्या आवाजात म्हणाली, "ती यांची पट्टी... पितळेची ना गो?"

"हो."

"मग ती गेली."

मी अण्णांकडे बघितलं. ते आमच्या दोघींच्या मध्ये बसून खारातला आंबा चोखत होते. "सांगून टाक," मी म्हटलं.

"काय सांगू? चुकून गेली म्हणून? म्हयन्यामागं ह्याच तोंडानं काय बोलले मी? आता चुकून म्हटलं तर कोण ऐकल? ऐकायला येत नाय ते सोड, खरं कोण मानल?" तिचा आवाज अजूनही मोठा झाला नव्हता. "त्यांना वाटेल, बोलली तसं केलं. बोटीनं काढलं नि आता हिनं पण काढलं."

अण्णांनी मान वर केली. "काय म्हणतेय?"

"मीठ हवं काय विचारतेय!" आई ओरडली.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले.

मला आईची कीव आली आणि रागही आला. तिचं खरं होतं. अण्णांनी ती पट्टी गेल्याचं सोसलं असतं, नवीन मागवली असती, वर्षभर थांबले असते. पण ती तिनं मुद्दाम दिली असं एकदा मनात बसलं असतं, तर त्या घरात पुढे काय राहिलं असतं ते मला त्या वयातही दिसत होतं. तेव्हा पट्टी शोधायची, गुपचूप डब्यात परत ठेवायची, आणि घुशीला दोष जाऊ द्यायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. अण्णांच्या समोरच ठरवलं.

भांडीवाल्यांकडे मी एकटी गेले आणि गेज आहे का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पेज? पेजेला तुला पितळेचं कशाला, जर्मनचं बघ," आणि त्यांनी माझ्यापुढे तीन पातेली मांडली. मी पुन्हा गेज म्हटलं. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून बायकोला सांगितलं की फिटरांची पोरगी उपाशी आलीय, वाटीभर पेज दे. मला ती खावी लागली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. खाताना मी हातानं दाखवलं, एवढी पट्टी, कडेला खाचा, आणि मग त्यांना आठवलं. बाकीची मोड पोत्यात भरून घाटावर गेली होती. पण ती पट्टी एवढी चकचकीत होती, की कसलंतरी माप असेल असं समजून त्यांनी ती गादीशेजारी ठेवली होती. पूर्णगडचे एक हसनचाचा म्हणून जाळी विणणारे, पातेलं घ्यायला आले होते. त्यांनी ती उचलली, अंगठ्यावर फिरवली आणि मागितली. भांडीवाल्यांनी पातेल्यावर फुकट देऊन टाकली. मी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त, "पेज खाल्लीस त्यांच्याकडं?" एवढंच विचारलं. त्याचीही तिला लाज वाटली.

इकडे अण्णांचे प्रयोग चालले होते. त्यांनी पत्र्याचं गेज केलं, मग शिसवीचं. चाकांवरून माप घेतलं, पण चाकांना रुळात जरा मोकळीक लागते, ती किती ते चाकं सांगत नाहीत. प्रत्येक वेळी हातभर रूळ मांडायचे, गाडी सोडायची. ती सातव्या-आठव्या स्लीपरला कुशीवर पडायची. त्यांना पडल्याचा आवाज येत नसे, म्हणून फळीवर तळहात ठेवून बसायचे आणि हातालाच कळलं की वीज बंद करायचे. आळीतली माणसं रस्त्यावरून विचारायची, "अण्णा, चतुर्थीला गाडी ना?" ते विचारणं ओठांवरून त्यांना बरोबर समजायचं. "फिरणार!" ते आतून सांगायचे. श्रावण अर्धा होत आला होता.

आईनं त्यांना ओरडून सांगितलं की आम्ही देवाला जाऊन येतो. ते म्हणाले, "माझ्याकडून पण हात जोड. पट्टी सापडूदे म्हणावं." आई पदर डोळ्यांना लावून वळली. छत्री घ्यायच्या निमित्तानं वळली, पण छत्री तिच्या हातातच होती.

पूर्णगडला एस.टी. थांबते तिथून खाडीकडे उतरलं की घरं लागतात. पावसाचे दिवस, होड्या वर ओढून झावळांखाली ठेवलेल्या, आणि प्रत्येक पडवीत कोणी ना कोणी जाळं घेऊन बसलेलं. हसनचाचांचं घर शोधायला लागलं नाही. पडवीच्या खांबाला जाळं बांधून म्हातारा बसला होता आणि त्याच्या बोटांत काहीतरी चमकत होतं. मी आईचा हात दाबला. सूत पट्टीभोवती जायचं, गाठ पडायची, पट्टी सरकायची, पुन्हा सूत. न बघता. जाळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग विणून झाला होता आणि एकेक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, सारखा होता.

"बसा वैनी," ते म्हणाले, आणि त्यांच्या घरातून आधी चहा आणि घारगे आले. चहा संपेपर्यंत कामाचं बोलायचं नाही, म्हणून आम्ही पाऊस, होड्या आणि माझी इयत्ता यांवर बोललो. मग आईनं सगळं सांगितलं. मोदकपात्राचं, मोडीचं, पट्टीचं. महिन्यामागच्या वाक्याचं सांगितलं नाही. हसनचाचांनी ऐकून घेतलं, सूत सोडवलं आणि पट्टी आईच्या तळहातावर ठेवली.

तिची एक कड गुळगुळीत होती.

"इथं खाचा होत्या," मी म्हटलं.

"व्हत्या," हसनचाचा म्हणाले. "सूत अडकत व्हता. मंग कानस मारली." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. काम चांगलं झालं होतं, ते त्यांनाही माहीत होतं. "बांबूची पट्टी पाण्यानं फुगते, वैनी. ही फुगत नाय. असली बेस पट्टी मी जन्मात बघितली नाय."

आईनं पट्टी उजेडात धरून बघितली. शोधायला निघालेली वस्तू सापडली होती आणि ती आता ती वस्तू नव्हती. हसनचाचांच्या ध्यानात काय ते आलं आणि त्यांचा चेहरा पडला. "माजा कायतरी चुकला काय?"

"तुमचा नाय चुकला, चाचा."

"घेवन जावा ती," ते म्हणाले. मग जाळ्याकडे बघून जरा थांबले. नारळी पुनवेला होड्या पाण्यात जाणार होत्या. अर्धं जाळं एका पट्टीवर आणि अर्धं दुसऱ्या पट्टीवर विणलं तर आस लहानमोठे होतात, जाळं पाण्यात तिरकं ओढतं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं दारातून सांगितलं. आईनं पट्टी त्यांच्या हातात परत दिली. देताना पदरानं पुसून दिली.

हसनचाचांनी ती उलटी केली. "ही दुसरी कड शाबूत हाय बगा. तुमचे मालक फिटर ना? जाणता मानूस एका कडेवरना दुसरी काडील. त्यांनाच घेवन या हिकडं. माज्या म्होरं बसूंदेत."

येताना एस.टी.त पावस गावापर्यंत आम्ही उभ्याच होतो. पावसला माणसं उतरली, जागा झाली, तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आता सांगायलाच हवं." मग म्हणाली, "हळू सांगता आलं असतं तर सोपं होतं गो."

तीच अडचण होती. एखादी गोष्ट कबूल करायची असली की माणूस आवाज खाली आणतो, कोपरा बघतो, समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. आईला यातलं काहीच करता येणार नव्हतं. घरी पोचल्यावर पाय धुऊन ती सरळ फळीपाशी गेली आणि अण्णांच्या समोर उभी राहिली. दिवेलागणीची वेळ होती. गडग्यापलीकडे काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या.

"तुमची पट्टी," आई म्हणाली.

"काय?"

"पट्टी!"

"मिळाली?"

"मी मोडीत घातली!"

अण्णांना शब्द पोचला होता, पण त्यांनी कानाशी हात नेला. आई पुन्हा ओरडली. "मी! मोडीत! घातली!" पाट्याचा आवाज बंद झाला. "चुकून!" आई ओरडली. तो शब्द सगळ्यात मोठ्यानं. मग तिनं हसनचाचांचं, कानशीचं, दुसऱ्या कडेचं, सगळं त्याच आवाजात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती दमून खाली बसली.

अण्णांनी काहीतरी विचारलं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलले, की आईला ऐकू आलं नाही. "काय?" आईच म्हणाली.

"घासून दिलीस काय गो?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग मान हलवली. "घासली."

अण्णांनीही मान हलवली आणि उठून अंगणात गेले.

या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लगेच कळला आणि आज इतक्या वर्षांनी तो पुरता कळलेला नाही. घासायची म्हणजे वस्तू हातात घ्यायची, आमसूल लावायचं, खाचाखोचांत बोट घालायचं, धुवायची, पुसायची, उजेडात धरून बघायची. जी वस्तू आपला नवरा दिवसातून वीस वेळा हातात घेतो, ती एवढं सगळं होईपर्यंत ओळखू येत नाही, असं होतं का? होत असेल. माझ्या स्वतःच्या हातून याहून मोठ्या वस्तू डोळ्यांदेखत गेल्या आहेत. आईला मी कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही. माझ्या स्वयंपाकघरात हल्ली खऱ्या रेल्वेची शिटी ऐकू येते, आणि भांडी घासताना ती ऐकली की मी हातातली वस्तू काय आहे ते एकदा नीट बघते.

दुसऱ्या दिवशी अण्णा तुटक्या पळीचा पितळेचा दांडा, दोन कानशी आणि चिमटा पिशवीत घालून एकटेच पूर्णगडला गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिथे काय झालं ते हसनचाचांकडून पुढे कळलं. दोघं पडवीत समोरासमोर बसले. चाचांनी दहा आस विणले की पट्टी अण्णांना द्यायची, अण्णांनी मापून परत द्यायची, मग चाचांनी पुढचे दहा. बोलणं नाही. इंजिनखोलीसारखं खुणांनी. संध्याकाळी अण्णा नवं गेज आणि केळीच्या पानात बांधलेले घारगे घेऊन आले. घारगे त्यांनी आईच्या हातात दिले. पण पट्टीविषयी तिला एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. रूळ मांडत राहिले. आई त्यांच्यासमोर जायची, जेवायला चला म्हणून ओरडायची, ते यायचे, जेवायचे. नवं मोदकपात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर तसंच पालथं होतं. तिला ते बघवत नव्हतं, मलाही नाही. घरात मी आणि आईनंही अण्णांच्या समोर हळू बोलणं सोडलं. ठरवून नाही. नकोसं झालं.

चतुर्थीला गणपती बसला. वर माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, कवंडळाची रानफळं, आंब्याचे टाळे, सुपारीचा घड. पाटाभोवती फणसाची फळी, आणि फळीवर हिरवं इंजिन तीन डबे ओढत फिरायला लागलं. पहिली फेरी नीट झाली असं म्हणता आलं असतं, पण दाराकडच्या वळणावर इंजिनानं मान टाकली. अण्णांनी उचलून ठेवलं. दुसऱ्या फेरीलाही तिथेच. तिसऱ्यालाही. एका कडेवरून दुसरी काढताना केसभर फरक राहिला होता, आणि सरळ रुळावर चालून जाणारा केस वळणावर चालत नव्हता. चौथ्या फेरीला आई स्वयंपाकघरातून आली, हाताला मोदकांचं पीठ तसंच, आणि वळणाशी मांडी घालून बसली. गाडी आली, कलली; तिनं दोन बोटांनी उचलून रुळावर ठेवली. गाडी पुढे गेली. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं. अण्णा विजेच्या ठोकळ्यापाशी, ती वळणाशी, मधे गणपती.

सकाळपासून माणसं येत होती. सगळी आळी आली, भांडीवाले आले, दुपारी हसनचाचा नातीला घेऊन आले आणि अंगणातून बघत उभे राहिले, तेव्हा अण्णांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. प्रत्येकजण तेच विचारायचा, हितंच कशी घसरते? अण्णा सांगायचे, "गेज नवीन हाय." बस, तेवढंच. आई खाली मान घालून गाडी उचलत राहायची.

मग गडग्यापलीकडच्या काकू आल्या. नमस्कार केला, प्रसादाचा मोदक घेतला, दोन फेऱ्या बघितल्या. खोली भरलेली होती. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "जुनं गेज वैनींनी मोडीत घातलं ना?"

"काय?" अण्णा म्हणाले.

काकूंना ते मोठ्यानं बोलावं लागलं. "वैनींनी मोडीत घातलं ना?"

खोलीत नुसता चाकांचा किरकिर आवाज राहिला, तो अण्णांना ऐकू येत नव्हता. आईची मान वर आली नाही. अण्णांनी काकूंकडे बघितलं, ठोकळ्यावरचा हात काढला नाही, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, जो बाहेर रस्त्यावर जातो त्या आवाजात म्हणाले, "व्हय. चुकून."

गाडी वळणावर आली आणि कलली. आईनं ती उचलून रुळावर ठेवली, पण बोट काढून घ्यायला विसरली, आणि इंजिन तिच्या बोटाला टेकून चाकं फिरवत तिथेच उभं राहिलं.